घरगुती पाळणाघराचा खर्च आणि प्राप्तिकर



प्राप्तिकर हा शब्द उच्चारताच सभागृहातील निम्मी मंडळी घड्याळाकडे पाहू लागतात, याची मला कल्पना आहे. त्यातून हा प्राप्तिकर अमेरिकेतला, आणि तोही घरी पाळणाघर चालविणाऱ्या बायकांचा. इतके लांबचे दुखणे येथे कशाला, असे कोणी विचारले तर ते गैर म्हणता येणार नाही. माझे उत्तर एवढेच की, आपल्या घरात बसून मोबदला घेऊन दुसऱ्याची मुले सांभाळणे हा धंदा की घरकाम, या प्रश्नाला त्या देशाच्या करकायद्याला आकड्यांत उत्तर द्यावे लागले. एरवी आपण हा प्रश्न मायाममतेच्या भाषेत बोलून मोकळे होतो. आकड्यांत उत्तर द्यायचे म्हटले की मात्र दूध, साबण, सतरंजी, विजेचे बिल अशा एकेका गोष्टीपाशी थांबावे लागते. आज तसेच थांबत थांबत जाऊ.

प्रथम कोणाविषयी बोलत आहोत ते स्पष्ट करतो. मुलाच्या घरी जाऊन त्याला सांभाळणारी बाई निराळी. अमेरिकन कायद्याच्या दृष्टीने ती त्या घरची नोकर, आणि तिच्या पगारावरील निवृत्तिवेतनाचा कर भरण्याची जबाबदारी मालकावर असते. १९९३ साली झोई बेअर्ड या विदुषींची देशाच्या ॲटर्नी जनरल पदासाठी झालेली निवड मागे घ्यावी लागली, ती अशाच घरच्या नोकरांच्या प्रकरणावरून. त्या नोकरांना कामाचा परवाना नव्हता आणि त्यांच्यापोटीचा करही वेळेवर भरलेला नव्हता. तो विषय आपला नव्हे. आपला विषय त्या बाईचा, जी स्वतःच्या राहत्या घराचे दार सकाळी उघडते आणि चार-सहा आयांची मुले आत घेते. ती कोणाची नोकर नाही; ती धंदेवाईक आहे. न्यू जर्सीतील एडिसन, कॅलिफोर्नियातील फ्रीमाँट अशा भारतीयांच्या मोठ्या वस्तीच्या गावी असे काम करणाऱ्यांत आपल्याकडच्या स्त्रियाही आहेत, म्हणजे विषय वाटतो तितका परका नाही.

आता थोडे मागे जाऊ. १९३९ साली स्मिथ नावाच्या एका जोडप्याचा कज्जा तेथील कर-मंडळापुढे आला. नवराबायको दोघे नोकरी करीत. मूल सांभाळायला बाई ठेवल्याखेरीज पत्नीला नोकरी करणे शक्य नाही, तेव्हा त्या बाईचा पगार हा नोकरीसाठी झालेला खर्च समजून उत्पन्नातून वजा करू द्यावा, अशी त्यांची मागणी. मंडळाने ती फेटाळली. मूल सांभाळणे हे गृहिणीचे नेहमीचे, बिनमोबदल्याचे काम; ते दुसऱ्याकडून करवून घेतले तरी खर्च खासगीच राहतो, असा एकंदर निवाड्याचा रोख. पुढे १९५४ साली कायद्यात मर्यादित वजावट आली आणि १९७६ साली तिच्या जागी थेट करात सूट आली, ती आजतागायत या ना त्या रूपात आहे. परंतु त्या निवाड्यातील मनोवृत्ती लक्षात ठेवा. आईच्या बाजूने पाहिले की मूल सांभाळण्याचा खर्च खासगी. आणि तेच मूल शेजारच्या घरात गेले की त्या शेजारणीच्या बाजूने तो खर्च धंद्याचा. एकाच भांड्यातून दोन पेल्यांत दूध ओतले, एक पोटच्या मुलासाठी व एक शेजारच्या मुलासाठी, तर पहिला पेला घरखर्चाचा आणि दुसरा धंद्याच्या वहीतला. कायद्याची सारी कसरत या दोन पेल्यांच्या मधल्या जागेत चालते.

१९७६ च्याच करसुधारणा कायद्याने राहत्या घराच्या खर्चावर एक कडक नियम बसविला. त्याचे कारणही समजण्यासारखे आहे. दिवाणखान्याच्या कोपऱ्यात एक मेज टाकायचे, त्यावर दोन फायली ठेवायच्या आणि साऱ्या घराचे वीजबिल धंद्याच्या नावे दाखवायचे, ही युक्ती कोणत्याही देशातील हुशार माणसाला सुचते. म्हणून कायदा म्हणाला: घराचा जो भाग केवळ धंद्यासाठी आणि नेमाने वापरला जातो, तेवढ्याचाच खर्च वजा होईल. वकिलाला हे जमते. त्याची कचेरीची खोली रात्री कुलूपबंद राहू शकते. पण पाळणाघरवालीने काय करावे? मुले स्वयंपाकघरात जेवतात, त्याच मेजावर रात्री तिचे कुटुंब जेवते. ज्या पलंगावर दुपारी शेजारचे मूल झोपते, त्यावर रात्री तिचाच मुलगा झोपतो. ‘केवळ’ या एका शब्दाने तिचे सारे घर हिशेबाबाहेर गेले.

ही चूक लवकर ध्यानात आली. १९७७ सालीच कायद्यात पोटकलम घालून पाळणाघरांना अपवाद करण्यात आला. मुले, पासष्ट वर्षांवरील वृद्ध किंवा स्वतःची काळजी घेऊ न शकणारे अपंग यांना दिवसा सांभाळण्याच्या धंद्यासाठी घराचा भाग नेमाने वापरला तर पुरे. तो केवळ त्यासाठीच वापरला पाहिजे असे नाही. अट एक. राज्याच्या कायद्याप्रमाणे लागणारा परवाना तिने मिळविलेला किंवा मागितलेला असावा, अथवा त्या कायद्यानेच तिला परवान्यातून मोकळे केलेले असावे. परवान्याचे नियम राज्याराज्यांत निराळे आहेत. कॅलिफोर्नियात लहान घरगुती पाळणाघरात जास्तीत जास्त आठ आणि मोठ्यात चौदा मुले चालतात. परवाना आवश्यक असून घेतलाच नाही, किंवा अर्ज नामंजूर झाला, तर घराच्या खर्चावर पाणी सोडावे लागते. मुलांचे खाणे, खेळणी यांची वजावट तरीही राहते. खिडकीत टांगलेल्या एका कागदाला करकायद्याने इतकी किंमत दिली आहे, आणि माझ्या मते ती योग्य आहे.

अपवाद मिळाला, पण किती खर्च वजा करायचा? येथे जागा आणि काळ या दोहोंचे त्रैराशिक मांडावे लागते. उदाहरण माझे आहे, पण पद्धत तेथील आहे. बाईंचे घर १,६०० चौरस फुटांचे. पैकी १,२०० चौरस फूट मुलांसाठी नेमाने वापरात, म्हणजे शेकडा ७५. मुले साडेदहा तास असतात. त्यांच्या येण्यापूर्वीची तयारी व गेल्यानंतरची झाडलोट यांचा दीड तास धरून दिवसाचे बारा तास. वर्षाला २५० दिवस, म्हणजे ३,००० तास. वर्षाचे एकूण तास ८,७६०. तेव्हा काळाचा हिस्सा शेकडा ३४.२५. दोहोंचा गुणाकार केला की शेकडा २५.६८ येतात. घराचे भाडे किंवा कर्जाचे व्याज, घरपट्टी, वीज, विमा, किरकोळ दुरुस्ती मिळून वर्षाचा खर्च १६,००० डॉलर असेल, तर ४,१०९ डॉलर धंद्याचे. हाच अपवाद नसता आणि बाईंपाशी केवळ मुलांसाठी राखलेली १२० चौरस फुटांची एकच खोली असती, तर शेकडा साडेसात म्हणजे १,२०० डॉलरांवर समाधान मानावे लागले असते. एका पोटकलमाची किंमत अशी वर्षाला जवळजवळ २,९०० डॉलर पडते.

बारकाई येथे संपत नाही. ती १२० चौरस फुटांची खोली खरोखरच मुलांसाठी राखून ठेवली आणि उरलेली जागा घरच्यांबरोबर वाटून घेतली, तर राखीव खोलीला काळाची कात्री लागत नाही. मग एकूण हिस्सा शेकडा ३०.६२ होतो आणि वजावट सुमारे ४,९०० डॉलरांवर जाते. म्हणजे कायदा बाईंना हळूच सांगतो की, मुलाची अभ्यासाची खोली काढून घ्या आणि पाळणाघराला द्या. आठशे डॉलर जास्त वजा करू देतो. हे सांगणे तिने ऐकावे की नाही हा तिचा प्रश्न. मी असतो तर ऐकले नसते.

पूर्वी आणखी एक वाद असे. कोणत्या खोलीत किती वाजता मूल होते? सकाळी दिवाणखान्यात, दुपारी झोपायच्या खोलीत, संध्याकाळी मागच्या अंगणात. अशी घटकाघटकांची नोंद ठेवायची तर मुलांकडे कोण पाहणार? १९९२ साली प्राप्तिकर खात्याने एका निर्णयात हा वाद बराचसा मिटविला. जी खोली दिवसभर मुलांसाठी उपलब्ध असते आणि दिनक्रमात नेमाने वापरली जाते, ती पाळणाघर चालू असलेल्या साऱ्या वेळात वापरात आहे असे धरावे; तासातासांची नोंद नको. सरकारी खात्याच्या कागदात इतका शहाणपणा क्वचित आढळतो, म्हणून मुद्दाम सांगितले. मात्र अधूनमधून वापरलेली खोली यात बसत नाही. पाहुणा आला म्हणून वापरली, असे चालत नाही.

घरातील वाटून घेतलेल्या वस्तूंनाही हेच प्रमाण लागते. साबण, कागदी रुमाल, धुण्याचे यंत्र, फाटलेला कोच. केवळ मुलांसाठी आणलेली खेळणी, रंग, लहान खाटा यांचा खर्च पूर्ण वजा होतो. आपल्या गाडीतून मुलांसाठी सामान आणले, तर त्या मैलांचाही हिशेब धरता येतो. २०२४ साली मैलाला ६७ सेंट हा दर होता.

२०१३ पासून सरकारने घराच्या खर्चासाठी एक सोपी रीतही दिली. पावत्या नकोत, गुणाकार नको. चौरस फुटाला ५ डॉलर, जास्तीत जास्त ३०० चौरस फूट. वकिलाला यात १,५०० डॉलर मिळतात. पाळणाघरवालीच्या त्या ५ डॉलरांना मात्र काळाचा हिस्सा लावावा लागतो. आपल्या उदाहरणात ५ चे १ डॉलर ७१ सेंट होतात आणि ३०० फुटांचे मिळून ५१४ डॉलर. पावत्यांच्या रीतीने ४,१०९ आणि सोप्या रीतीने ५१४! ही रीत सोपी आहे यात शंका नाही. आळसाची किंमत कोणी इतक्या स्पष्टपणे छापून दिलेली मी तरी पाहिली नव्हती.

आता अन्नाकडे वळतो. पाळणाघराच्या खर्चात अन्नाचा वाटा मोठा, आणि वाद घालायलाही तेच सोपे. वाण्याच्या एका पावतीवर घरचे गहू आणि मुलांची केळी शेजारी शेजारी असतात. त्यातून कोणते केळे कोणी खाल्ले? हा तंटा टाळण्यासाठी २००३ पासून खात्याने ठरावीक दर मान्य केले. प्रत्येक मुलामागे दिवसाला एक न्याहारी, एक दुपारचे जेवण, एक रात्रीचे जेवण आणि तीन वेळचा खाऊ इथपर्यंत दराने वजावट घेता येते. पावत्यांची गरज नाही. २०२२ साली अलास्का व हवाई सोडून अन्यत्र न्याहारीला १ डॉलर ४० सेंट, जेवणाला २ डॉलर ६३ सेंट आणि खाऊला ७८ सेंट असा दर होता. न्याहारी, एक जेवण व तीनदा खाऊ मिळून दिवसाला ६ डॉलर ३७ सेंट. चार मुले आणि २५० दिवस धरले तर ६,३७० डॉलर. यासाठी वही मात्र पाहिजे. मुलाचे नाव, कोणत्या दिवशी किती वाजता आले, काय काय खाल्ले. आपल्याकडे गवळ्याच्या दुधाची खूण भिंतीवर करीत, तसलेच हे काम. फक्त भिंत चालत नाही.

हे दर आले कोठून तेही सांगतो. गरीब मुलांना पाळणाघरात पोषक अन्न मिळावे म्हणून तेथील मध्यवर्ती सरकारची एक योजना आहे. तिचा आरंभ १९६८ सालचा. त्या योजनेतून पाळणाघरवालीला अन्नाची जी भरपाई मिळते, त्या भरपाईच्या वरच्या श्रेणीचेच हे दर. ज्यांना भरपाई मिळते त्यांना ती उत्पन्नात दाखवावी लागते आणि मग पूर्ण वजावट घेता येते. योजना दिवसाला दोन जेवणे व एक खाऊ, किंवा एक जेवण व दोन खाऊ इतक्याचेच पैसे देते. न्याहारी जेवणातच मोजतात. वजावट मात्र सहा वेळांपर्यंत. बाईंच्या स्वतःच्या मुलाचे अन्न वजा होत नाही. ती गरीब असल्यामुळे त्याच्यासाठी भरपाई मिळाली, तर ती करपात्रही नाही. पुन्हा तेच दोन पेले.

सर्वांत फसवी बाब घसाऱ्याची. घर स्वतःचे असेल, तर धंद्यात वापरलेल्या हिश्शाचा घसारा ३९ वर्षांच्या हिशेबाने धरतात. जमीन सोडून घराची किंमत दोन लाख डॉलर असेल, तर आपल्या प्रमाणाने वर्षाला सुमारे १,३१७ डॉलर. पुष्कळ बाया हा घसारा घेतच नाहीत. पुढे घर विकताना झंझट नको, असा त्यांचा विचार. आणि येथेच त्या फसतात. १९९७ पासून राहते घर विकून झालेल्या नफ्यापैकी एकट्याला अडीच लाख व जोडप्याला पाच लाख डॉलरांपर्यंत कर माफ आहे. पण ही माफी घसाऱ्याच्या रकमेला लागू नाही. त्यावर शेकडा २५ पर्यंत कर बसतो. आणि कायद्याचे शब्द ‘घेतलेला किंवा घेता आला असता असा’ घसारा, असे आहेत. म्हणजे दहा वर्षे घसारा घेतला नाही, तरी विकताना तो घेतलाच होता असे समजून १३,१७० डॉलरांवर सुमारे ३,३०० डॉलरांपर्यंत कर मागता येतो. फायदा सोडला, बोजा सुटला नाही. जाणता हिशेबनीस मिळाला तर राहिलेला घसारा एका निराळ्या अर्जाने नंतरही मागता येतो. पण जाणता हिशेबनीस ठेवणे परवडत नाही, तिलाच त्याची सर्वांत अधिक गरज असते. मघाच्या सोप्या रीतीचा एक गुण येथे कबूल केला पाहिजे: त्या रीतीच्या वर्षांचा घसारा शून्य धरतात.

आता या साऱ्या आकड्यांना एकत्र करू. चार मुले, दर मुलामागे आठवड्याला १८० डॉलर, वर्षाचे ५० आठवडे: ३६,००० डॉलर. घसारा बाजूला ठेवतो. घराचे ४,१०९, अन्नाचे ६,३७०, आणि खेळणी, विमा, साबण, परवाना यांचे मिळून ३,५०० धरा. उरले २२,०२१. यावर प्राप्तिकराखेरीज स्वयंरोजगाराचा, म्हणजे निवृत्तिवेतन व वृद्धांच्या वैद्यकीय विम्याचा कर बसतो. तो शेकडा १५.३, आणि नफ्याच्या ९२.३५ टक्क्यांवर, म्हणजे सुमारे ३,११० डॉलर. खर्चाची वही न ठेवता ३६,००० च दाखविले असते, तर हाच कर ५,०८७ झाला असता. वहीने तिचे जवळजवळ २,००० डॉलर वाचविले. परंतु २२,०२१ ला तीन हजार तासांनी भागून पाहा. तासाला ७ डॉलर ३४ सेंट. त्या देशाचे मध्यवर्ती किमान वेतन २००९ पासून ७ डॉलर २५ सेंट आहे. घरभाडे तिला एरवीही द्यावेच लागले असते, हे खरे. तरीपण हा आकडा पाहिल्यावर करखात्याशी एकेका केळ्यासाठी भांडणाऱ्या बाईला मी तरी कंजूष म्हणणार नाही.

आणखी एक गोष्ट या हिशेबात दडलेली आहे. म्हातारपणीचे वेतन तेथे कागदावर दाखविलेल्या नफ्यावरून ठरते. वजावट जितकी मोठी, तितका आजचा कर कमी आणि तितकेच उद्याचे वेतनही कमी. घरासाठी कर्ज मागायला गेली, तर पेढीही तोच कमी केलेला आकडा पाहते. आज दोन हजार डॉलर हातात यावेत की पासष्टीनंतर थोडे थोडे, हे ठरविताना तिच्याजवळ बहुधा निवडीला वाव नसतो. आजचे दूध आजच आणावे लागते.

काहीजणी मग सोपा मार्ग धरीत, रोख घ्यायचे आणि काहीच दाखवायचे नाही. १९८८ च्या कायद्याने तो मार्ग अरुंद केला. मूल सांभाळण्याच्या खर्चावर करात सूट मागणाऱ्या आईबापांनी सांभाळणारीचे नाव, पत्ता आणि कर-क्रमांक अर्जात लिहिलाच पाहिजे, असा नियम झाला. परिणाम लगेच दिसला. १९८९ च्या वर्षासाठी ही सूट मागणाऱ्यांची संख्या ठळकपणे घटली, आणि पाळणाघराचे उत्पन्न दाखविणाऱ्यांची संख्या वाढली. काही आईबाप पूर्वी खोटी सूट घेत होते, काही पाळणाघरवाल्या उत्पन्न लपवीत होत्या. एका क्रमांकाने दोघांनाही एकमेकांचे साक्षीदार केले. त्यातून वसंत ऋतूत, विवरणपत्रे भरण्याच्या सुमारास, दारात उभे राहून होणारे अवघड संभाषणही आले. आई क्रमांक मागते. बाई म्हणते, तो दिला तर दर वाढवावा लागेल. दोघींचेही म्हणणे खोटे नसते. बाईने नकारच दिला तर आईने आपण तो मागितला होता असे लिहून, नाव-पत्ता देऊन सूट मागता येते. पण दुसऱ्या दिवशी मूल त्याच दारात सोडायचे असते, हे फॉर्मवर कोठे लिहिणार?

आजीचे काय, असे येथे कोणी विचारील. तेथे आजीला पैसे देऊन तिच्याकडे नातवंड ठेवले, तरी आईबापांना सूट मिळू शकते. अट अशी की आजी त्यांच्यावर कराच्या दृष्टीने अवलंबून नसावी, आणि तिचे उत्पन्न तिने दाखवावे. नवऱ्याला, मुलाच्या दुसऱ्या पालकाला, किंवा आपल्याच एकोणीस वर्षांखालील मुलाला दिलेले पैसे चालत नाहीत. पुण्या-नागपुराहून सहा महिन्यांच्या भेटीला जाणाऱ्या आमच्या आज्या या हिशेबात कोठेच येत नाहीत. पाहुणी म्हणून गेलेल्या माणसाला तेथे मोबदल्याचे काम करण्याची मुभा नाही. त्यांच्या श्रमाची नोंद एकाही सरकारच्या वहीत नाही.

राहता राहिले आपले घर. आपल्या १९६१ च्या आयकर कायद्यात, ज्याची जागा घेणारा कायदा २०२५ साली संमत झाला, छोट्या धंद्यांना उलाढालीच्या शेकडा ८, आणि पेढीमार्फत आलेल्या रकमेवर शेकडा ६, इतका नफा धरून वह्यांच्या कटकटीतून सुटण्याची सोय होती. तिच्यामुळे आपल्या पाळणाघरवालीला चौरस फूट मोजण्याची वेळ सहसा आली नाही. पुष्कळ जणींचे उत्पन्न तर कराच्या मर्यादेपर्यंत पोचतच नाही. आईबापांना मात्र पाळणाघराच्या शुल्काची वजावट त्या कायद्यात नव्हती. २०१७ च्या मातृत्व लाभ दुरुस्तीने पन्नास किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांवर पाळणाघराची जबाबदारी टाकली, तेवढीच. राहत्या घरात धंदा असला तर खर्चाचा धंद्यापुरता भाग वजा करण्याची तरतूद त्या कायद्याच्या ३८ व्या कलमात होती. ती मुलांसाठी म्हणून केलेली नव्हती. वैद्य, वकील, दुकानदार सगळ्यांना एकच. तीत ८,७६० तासांचे कोष्टक नव्हते. मधल्या खोलीत दुपारी शेजारची मुले आणि रात्री घरची माणसे झोपत असतील, तर त्या खोलीचा रास्त हिस्सा किती, हे शेवटी अधिकाऱ्याच्या मतावर सोडलेले होते.